'फाईल वापरात आहे' : सामायिक संगणकातील ताब्याच्या प्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कार्यालयात, परीक्षा विभागात किंवा ग्रंथालयात सामायिक नेटवर्क ड्राइव्ह ही आता नित्याची सोय झाली आहे. प्रवेशाच्या याद्या, गुणतक्ते, नॅक मूल्यांकनाची कागदपत्रे, विभागांचे वार्षिक अहवाल हे सारे एका सर्व्हरवर ठेवले जाते आणि अनेक संगणकांवरून उघडले जाते. शैक्षणिक वर्ष संपले की जुने फोल्डर दुसरीकडे हलविण्याची वेळ येते आणि नेमक्या त्या वेळी संगणक नकार देतो. फाईल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असल्यामुळे ही क्रिया पूर्ण करता येत नाही, असा संदेश पडद्यावर येतो. फाईल कोणी उघडली आहे, कोणत्या संगणकावर आणि केव्हापासून, याचा मात्र त्यात बहुधा उल्लेख नसतो.

या नकाराकडे सर्वसाधारणपणे यंत्राचा बिघाड म्हणून पाहिले जाते. बिघाड म्हटला की सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे हाच उपाय सुचतो. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. हा नकार म्हणजे एका जुन्या वादाचा निकाल आहे. एकच लेख अनेकांच्या हाती असताना त्यावर ताबा कोणाचा, आणि तो ताबा यंत्राने राखावा की माणसांनी आपसांत ठरवावा, हा तो वाद होय. त्याचा निकाल १९८० च्या दशकात एका विशिष्ट दिशेने लागला व त्याचे परिणाम आपण आजही अनुभवत आहोत. हा इतिहास ध्यानात घेतल्यास उपायांचा योग्य क्रमही स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कागदी दफ्तर आणि निसर्गतः असलेली मनाई :

कागदी दफ्तरात हा प्रश्न निर्माणच होत नाही. रुमालात बांधलेली कागदपत्रे एका वेळी एकाच्याच मेजावर असू शकतात. फाईल लेखापालाकडे गेली याचा अर्थ ती मुख्य लिपिकाकडे नाही. एकाने वाचायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने खोडायचे, ही शक्यता कागदाच्या स्वरूपामुळेच नाहीशी होते. आवक-जावक नोंदवहीत फाईल कोणाकडे गेली हे पाहता येते आणि त्या व्यक्तीकडे जाऊन ती मागता येते. म्हणजे कागदी व्यवस्थेत मनाईही होती आणि मनाई करणाऱ्याचे नावही कळत होते.

संगणकाने 'फाईल' हा शब्द कार्यालयातून उचलला. परंतु तिचे हे भौतिक बंधन त्याच्याकडे आले नाही. चुंबकीय तबकडीवरील फाईल एकाच वेळी दहा जणांना उघडता येते. जी मनाई कागदात निसर्गतः होती, ती येथे कोणीतरी मुद्दाम निर्माण करणे भाग होते.

सामायिक संगणक आणि १९६६ चा प्रसंग :

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली 'कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम' या प्रणालीचे पहिले प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकाच महागड्या संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत वाटून देणे हे तिचे उद्दिष्ट होते. वेळेची वाटणी यशस्वी झाली. मात्र तिच्याबरोबर फायलींची सरमिसळही आली.

१९६६ मध्ये या प्रणालीवर एक विलक्षण प्रसंग घडला. तेथील संपादन प्रोग्रॅम काम करताना ठराविक नावाची तात्पुरती फाईल तयार करीत असे. एका संचिकेत एका वेळी एकच व्यक्ती काम करील, असे त्यामागे गृहीत होते. व्यवस्थापकांची संचिका मात्र सामायिक होती. दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करू लागले. एक जण वापरकर्त्यांसाठीचा दैनंदिन संदेश लिहीत होता, तर दुसरा परवलीच्या शब्दांची यादी सुधारीत होता. दोघांच्या तात्पुरत्या फायलींचे नाव एकच असल्यामुळे अदलाबदल झाली आणि प्रणालीत प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे दैनंदिन संदेशाऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द छापून येऊ लागले. १९९० चा ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात कोर्बाटो यांनी स्वतः हा प्रसंग सांगितला आहे.

या प्रसंगात यंत्र कोठेही थांबले नाही किंवा कोणताही इशारा आला नाही. दोन्ही व्यवस्थापकांनी आपापले काम नियमाप्रमाणेच केले होते. आज आपल्याला त्रासदायक वाटणारा 'फाईल वापरात आहे' हा नकार तेथे मिळाला असता, तर हा अनर्थ टळला असता.

याच सुमारास या प्रश्नाची सैद्धांतिक मांडणीही होत होती. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये एका छोट्याशा निबंधात, अनेक प्रक्रिया एकाच वेळी चालू असताना विशिष्ट भागात एका वेळी एकीलाच प्रवेश मिळेल याची हमी कशी द्यावी, याची रीत मांडली. परस्पर-वर्जनाचा हा सिद्धांत पुढील सर्व कुलूपव्यवस्थांचा पाया ठरला.

युनिक्सची भूमिका : कुलूप नको :

मनाई आवश्यक आहे, असे सर्वांनाच वाटत होते असे मात्र नाही. बेल प्रयोगशाळेत युनिक्स ही कार्यप्रणाली घडविणारे डेनिस रिची व केन थॉम्पसन यांनी १९७४ मधील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात याविरुद्ध भूमिका घेतली. त्यांच्या परिस्थितीत फायलींना कुलपे लावणे आवश्यकही नाही आणि पुरेसेही नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आवश्यक नाही, कारण एकच मोठी फाईल अनेक स्वतंत्र प्रक्रियांनी एकाच वेळी हाताळण्याची वेळ त्यांच्यावर येत नव्हती. पुरेसे नाही, कारण दोन व्यक्ती एकाच फाईलची प्रत आपापल्या संपादकात घेऊन बसल्या असतील, तर साध्या कुलपाने त्यांच्यातील गोंधळ टळत नाही.

युनिक्सच्या रचनेत आणखी एक महत्त्वाचा विशेष होता. फाईलचे नाव आणि फाईलचा मजकूर या तेथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादी फाईल कोणी वाचत असताना दुसऱ्याने तिचे नाव पुसले, तरी वाचणाऱ्याच्या हातातील मजकूर तो वाचन संपवीपर्यंत शाबूत राहतो. फोल्डरचे नाव बदलले वा तो त्याच तबकडीवर हलविला, तरी आतील उघड्या फायलींना धक्का लागत नाही. म्हणूनच केवळ युनिक्स व लिनक्स वापरणाऱ्यांना आपल्याला भेडसावणारा हा संदेश क्वचितच दिसतो. अर्थात या सोयीलाही किंमत आहे. दोघांनी एकच फाईल सुधारून जतन केली, तर नंतर जतन करणाऱ्याचा मजकूर टिकतो आणि आधीच्याचा नाहीसा होतो, तोही कोणत्याही इशाऱ्याविना. ही उणीव जाणवल्यामुळे १९८३ मधील बर्कले युनिक्सच्या ४.२ आवृत्तीत कुलपाची सोय आली. परंतु तिचे स्वरूप सल्लावजा होते. जो प्रोग्रॅम विचारील त्यालाच कुलूप दिसे. न विचारणाऱ्याला ते अडवीत नसे.

डॉस, शेअर आणि क्रमांक ३२ :

व्यक्तिगत संगणकाचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. १९८१ मध्ये आयबीएमचा व्यक्तिगत संगणक बाजारात आला तेव्हा डॉस ही त्याची कार्यप्रणाली एका माणसासाठी, एका वेळी एकच काम करण्यासाठी होती. तेथे वाटणीचा प्रश्नच नव्हता. हे संगणक तारांनी जोडले जाऊ लागले तेव्हा तो उभा राहिला. १९८४ मध्ये डॉस ३.० बरोबर 'शेअर' नावाचा एक पूरक प्रोग्रॅम आला आणि त्यानंतरच्या ३.१ आवृत्तीत नेटवर्कची सोय पूर्ण झाली.

'शेअर'ची रीत अशी होती. फाईल उघडतानाच प्रोग्रॅमने दोन गोष्टी सांगायच्या : मला वाचायचे आहे की लिहायचे आहे, आणि इतरांना मी काय करू देणार आहे. इतरांना सर्व मनाई, लिहिण्यास मनाई, वाचण्यास मनाई किंवा कोणतीही मनाई नाही, असे पर्याय होते. जुन्या प्रोग्रॅमसाठी एक पाचवा, सुसंगततेचा पर्यायही ठेवला होता. नंतर येणाऱ्याची मागणी आधीच्याच्या अटींशी जुळली नाही, तर त्याला नकार मिळे. या नकाराला 'शेअरिंग व्हायोलेशन' असे नाव व ३२ हा क्रमांक देण्यात आला.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असा एक पुरावा आहे. जुलै १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेली विंडोज एनटी ही डेव्हिड कटलर यांच्या नेतृत्वाखाली पूर्णतः नव्याने घडविलेली प्रणाली होती. तथापि तिच्यातही हाच करार कायम राहिला आणि 'शेअरिंग व्हायोलेशन'चा क्रमांकही ३२ हाच राहिला. आजच्या विंडोजमध्येही तो ३२ च आहे. एका कार्यालयापुरत्या छोट्या नेटवर्कसाठी १९८० च्या दशकात ठरलेला नियम आज जगभरातील संगणकांवर त्याच क्रमांकाने नकार देत आहे.

या करारातील एक बारकावा आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विंडोज एनटीत फाईल उघडणारा इतरांना तीन परवानग्या देऊ शकतो : वाचण्याची, लिहिण्याची आणि पुसण्याची. नाव बदलणे वा हलविणे हे तिसऱ्या परवानगीत मोडते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काहीच नमूद केले नाही, म्हणजे तेथे शून्य लिहिले, तर तिन्ही गोष्टींना मनाई होते. युनिक्समध्ये मौनाचा अर्थ संमती असा होता. विंडोजमध्ये तो मनाई असा झाला. वाचण्या-लिहिण्याची परवानगी देणारे अनेक प्रोग्रॅम पुसण्याची परवानगी द्यायचे विसरतात. सहकारी केवळ वाचत असला तरी आपल्याला फोल्डर हलविता येत नाही, त्याचे कारण हे आहे. फोल्डरच्या आत कितीही खोलवर एक फाईल जरी उघडी असली, तरी वरच्या फोल्डरचे नाव बदलण्यास प्रणाली नकार देते. विंडोज १० च्या काळात युनिक्सच्या धर्तीवर फाईल पुसण्याची रीत समाविष्ट झाली. परंतु ज्याने पुसण्याची परवानगीच दिलेली नाही, त्याच्या बाबतीत नकार कायम आहे.

नेटवर्क आणि अनुपस्थित धारक :

संगणक एकच असेल तर फाईल धरून ठेवणारा तेथेच सापडतो. नेटवर्कमध्ये धारक एका खोलीत, फाईल दुसऱ्या खोलीत आणि नोंद सर्व्हरच्या स्मृतीत असते. आयबीएममधील बॅरी फाइगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात रचलेल्या आणि पुढे मायक्रोसॉफ्टने विकसित केलेल्या एसएमबी या संवादपद्धतीत सर्व्हर अशी यादी ठेवतो. कोणत्या वापरकर्त्याने कोणती फाईल कोणत्या अटीवर उघडली, हे त्या यादीत असते. ही यादी म्हणजे आपली जुनी आवक-जावक नोंदवहीच होय.

परंतु फाईल नेणाऱ्याचा संगणक वीज जाऊन बंद पडला तर? नोंदवहीत नाव राहते आणि फाईल परत करणारा कोणी उरत नाही. या पेचावर सन मायक्रोसिस्टिम्सने १९८० च्या दशकाच्या मध्यास एनएफएस पद्धतीत वेगळा मार्ग काढला. सर्व्हरने अशी यादीच ठेवायची नाही, असे त्यांनी ठरविले. त्यामुळे सर्व्हर साधा व टिकाऊ झाला. पण कुलपांसाठी वेगळी यंत्रणा जोडावी लागली. १९८९ मध्ये कॅरी ग्रे व डेव्हिड चेरिटन यांनी मध्यम मार्ग सुचविला. ताबा कायमचा न देता भाडेपट्ट्याप्रमाणे ठराविक मुदतीसाठी द्यावा. मुदत संपण्यापूर्वी धारकाने नूतनीकरण केले नाही, तर तो आपोआप सुटावा. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने (२०००) मुदतीचे हे तत्त्व स्वीकारले. विंडोज ७ बरोबर (२००९) आलेल्या एसएमबी २.१ मध्येही 'लीज' या नावाची व्यवस्था आली. मात्र तिचा मुख्य उपयोग फाईलची प्रत आपल्या संगणकाजवळ केव्हापर्यंत ठेवावी हे ठरविण्यासाठी होता.

एसएमबीच्या दुसऱ्या पिढीपासून आणखी एक सोय झाली. तार क्षणभर सुटली तरी काम बुडू नये म्हणून सर्व्हर उघड्या फाईलची नोंद काही काळ मुद्दाम जपून ठेवतो. संबंधित संगणक बंद आहे असे दिसत असताही फाईल 'वापरात' राहते, त्यामागे अनेकदा ही दूरदृष्टी असते.

न दिसणारा धारक :

कित्येकदा फाईल कोणीही उघडलेली नसते, तरीही नकार येतो. याचे सर्वात परिचित उदाहरण 'थंब्स डॉट डीबी' या लपलेल्या फाईलचे आहे. विंडोज एक्सपी (२००१) चित्रांच्या फोल्डरमध्ये लघुचित्रे साठविण्यासाठी ही फाईल तयार करीत असे. २००७ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या व्हिस्टाने ही लघुचित्रे प्रत्येकाच्या संगणकावर एकत्र ठेवण्यास आरंभ केला. नेटवर्कवरील फोल्डरमध्ये मात्र जुनी पद्धत शिल्लक राहिली. परिणामी फोल्डर हलविण्यासाठी तो नुसता उघडून पाहिला, तरी पाहणारा एक्सप्लोररच ही फाईल धरून बसतो. म्हणजे तक्रार करणारा आणि अडविणारा हे दोघे एकच असतात. पूर्वदृश्याचा रकाना, विषाणूविरोधी प्रोग्रॅम, रात्रीची प्रत घेणारी यंत्रणा आणि त्याच फोल्डरात उभी असलेली आज्ञा-खिडकी हेही असेच अबोल धारक आहेत.

उपाययोजनेचा क्रम :

वरील विवेचनावरून उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो.

१. प्रथम आपला संगणक तपासावा. संबंधित प्रोग्रॅम, पूर्वदृश्याचा रकाना व आज्ञा-खिडकी बंद करावी. 'थंब्स डॉट डीबी'चा त्रास वारंवार होत असल्यास विंडोजच्या गट-धोरणात लपलेल्या 'थंब्स डॉट डीबी' फायलींत लघुचित्रे साठविणे बंद करण्याचा पर्याय आहे. तो प्रणाली-व्यवस्थापकाकडून लागू करून घ्यावा.

२. नंतर धारकाचे नाव शोधावे. विंडोज सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट'मधील 'शेअर्ड फोल्डर्स' या विभागात 'ओपन फाईल्स' ही यादी असते. फाईल कोणाच्या नावावर उघडी आहे, हे तेथे दिसते. २०१२ च्या सर्व्हर आवृत्तीपासून पॉवरशेलमधील 'गेट-एसएमबीओपनफाईल' ही आज्ञाही तेच काम करते. लिनक्सवर आधारित साठवण-यंत्रांत अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये आरंभिलेला 'सांबा' हा प्रोग्रॅम बहुधा असतो; त्याची 'एसएमबीस्टेटस' ही आज्ञा अशीच यादी देते. फाईल आपल्याच संगणकावर अडली असल्यास मार्क रुसिनोव्हिच यांचा 'प्रोसेस एक्सप्लोरर' उपयोगी पडतो.

३. धारक सापडला की त्याला विचारावे. त्याने काम जतन करून फाईल बंद केली की कुलूप आपोआप सुटते.

४. धारक खरोखरच अनुपस्थित आहे याची खात्री पटल्यावरच सर्व्हरवरून ती एक नोंद बंद करावी. या कृतीने न जतन केलेला मजकूर जाऊ शकतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यानेही नोंदी पुसल्या जातात. पण त्या सर्वांच्याच. एका फाईलसाठी संपूर्ण कार्यालयाचे उघडे काम पणाला लावणे योग्य नव्हे.

५. एका नेटवर्क ड्राइव्हवरून दुसऱ्यावर फोल्डर हलविताना विशेष सावधगिरी हवी. एकाच ड्राइव्हमध्ये हलविणे म्हणजे केवळ नोंद बदलणे असते. दोन ड्राइव्हमध्ये मात्र आधी नक्कल होते व मग मूळ पुसले जाते. नक्कल झाली आणि पुसताना नकार आला, तर दोन प्रती शिल्लक राहतात. काही जण जुनी प्रत सुधारतात, काही नवी; आणि पाठभेदांचा जो प्रश्न हस्तलिखितांच्या अभ्यासकाला सोडवावा लागतो, तो कार्यालयीन लिपिकापुढे उभा राहतो. म्हणून 'हलविणे' टाळून नक्कल करावी, फायलींची संख्या व आकार पडताळावा आणि मगच मूळ पुसावे. यासाठी 'रोबोकॉपी' ही आज्ञा सोयीची आहे. मात्र अडलेल्या फाईलसाठी ती मूळ स्थितीत तीस-तीस सेकंदांच्या अंतराने दहा लाख वेळा प्रयत्न करते. ही संख्या आधी कमी करून घ्यावी.

समारोप :

कुलपाविना चालणाऱ्या व्यवस्थाही आता रुळल्या आहेत. क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये एकाच मजकुरावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची रीत मांडली आणि २००६ पासून गूगल डॉक्समुळे सहसंपादन सर्वसामान्यांच्या हाती आले. तथापि छायांकित कागदपत्रे, हिशेबाच्या फायली व जुने अहवाल अद्याप फोल्डरांतच राहतात, आणि फोल्डर आहेत तोवर ताब्याचा प्रश्नही राहणार.

प्रस्तुत विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, नकार न देणारी व्यवस्था निर्दोष असतेच असे नाही. १९६६ चा प्रसंग आणि युनिक्समधील मूक लोप ही त्याची उदाहरणे होत. दुसरा असा की, विंडोजच्या परंपरेने कागदी दफ्तरातील मनाई संगणकात आणली. पण मनाई करणाऱ्याचे नाव सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचविले नाही. ते नाव सर्व्हरच्या यादीत आहे आणि ती यादी पाहण्याचा अधिकार बहुतेक महाविद्यालयांत एका व्यक्तीपुरताच असतो. फोल्डरांची फेररचना ज्यांच्यावर सोपविली जाते, त्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांना ही यादी पाहण्यास शिकविणे आणि फेररचनेचा दिवस सर्व विभागांना आधी कळविणे, एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी सर्व्हर बंद करण्याची वेळ बहुधा येणार नाही. कोणा सहकाऱ्याचे जतन न झालेले काम त्यामुळे वाचेल, हा त्यातील खरा लाभ होय.